अर्ज क्रमांक सतरा

"इंग्रजी लई झाक हाय साहेब, पण इथं न्हाई चालायचं."

सुकन्यानं चारही पानं उलटसुलट करून पाहिली आणि समोरच्या मुलाच्या हातात परत दिली. फेब्रुवारी संपायचा होता, तरी केजचं ऊन टपरीच्या पत्र्यावर आत्तापासूनच तापायला लागलं होतं. मुलगा घामाघूम झाला होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट आणि पायात असे चकचकीत बूट, की कोर्टाच्या आवारातल्या धुळीनं त्यांच्यावर डूखच धरला असावा.

"कावून नाही चालायचं?" त्यानं विचारलं. त्या एका 'कावून'वरून तिला कळलं, बूट शहरातले असले तरी पाय इकडचेच आहेत.

"हितल्या कोर्टात दावा मराठीत लागतो. आन् दुसरं म्हंजे, तुमी वावराची चतुःसीमाच लिहिली न्हाई. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला, दक्षिणेला. त्याबिगर कोर्टाला कसं कळावं, भांडण कंच्या तुकड्याचं हाय?"

"ते... कॉलेजात शिकवलं नाही."

"कंच्या कॉलेजात?"

त्यानं नाव सांगितलं. देशातल्या मोठ्या विधी विद्यापीठांपैकी एक होतं ते. प्रवेशपरीक्षेला हजारो पोरं बसतात आणि शंभर-सव्वाशे आत जातात, असलं.

"मंग बरोबर हाय," सुकन्या म्हणाली. "तितं वावरं नसत्याल."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटायचा. हे तिच्या लक्षात आलं आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

त्याचं नाव आदिनाथ. वडवणीच्या रामेश्वरभाऊंचा मुलगा. भाऊंना ओळखत नाही असा माणूस जिल्ह्यात शोधावाच लागेल. साखर कारखाना म्हणू नका, बाजार समिती म्हणू नका, सगळीकडे भाऊंचा एक माणूस बसलेला. दोन महिने तालुक्याच्या कोर्टात काम शिकायचं, असा आदिनाथच्या विद्यापीठाचा नियम होता. भाऊंनी एक फोन केला आणि केजचे माऊली वकील पोराला शिकवायला तयार झाले. त्यांनी त्याला एक दावा लिहायला दिला आणि टाइप करायला या टपरीकडे पाठवलं. माऊली वकील स्वतःचे दावे कुणाकडून लिहून घेतात, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते सुकन्या लिहायची. तिचे वडील बंकट, म्हणजे आबा, तीस वर्षं कोर्टाच्या आवारातल्या या लिंबाखाली टायपिंग करत होते. त्यांचे डोळे अधू झाले आणि सतराव्या वर्षी ती त्यांच्या खुर्चीवर बसली. लोक येऊन भांडण सांगायचे, ती ते कागदावर मांडायची, वकील खाली सही ठोकायचे. नाव त्यांचं, डोकं हिचं. मिळायची ती नुसती टायपिंगची मजुरी.

आबांचा एक नियम मात्र तिनं मोडला नव्हता. रोज टपरी बंद करण्याआधी ते दिवसभराचे कार्बन पेपर जाळायचे. "लोकांची भांडणं आपल्याकडं मुक्कामाला ठिवायची न्हाईत," म्हणायचे. आता कार्बन राहिले नव्हते. पण सुकन्या रोज संध्याकाळी सहाला कॉम्प्युटरवरच्या त्या दिवसाच्या सगळ्या फायली पुसायची आणि मगच शटर ओढायची.

"तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?" आदिनाथनं विचारलं.

"आबानी. आन् थोडं कॉलेजानी. मी बी लॉच करते. शेवटचं वर्ष."

"कुठं?"

"बीडला."

"अच्छा... बीडला."

त्या 'बीडला'च्या आधीचा छोटासा थांबा तिनं बरोबर पकडला. पोरं फक्त परीक्षेला उगवतात, गाईडं पाठ करतात आणि वकील होतात, असं ज्या कॉलेजाबद्दल सगळे बोलतात, तेच ते कॉलेज. सगळंच खोटं होतं असंही नाही. पण दीड तास एसटीत उभ्यानं जाऊन रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी तिथं होती, हे कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. दावा मराठीत, चतुःसीमेसकट. तिसऱ्या दिवशी एक शब्द अडला म्हणून. चौथ्या दिवशी काहीच अडलं नव्हतं, तरी आला.

आबा चष्मा पुसत म्हणाले, "भाऊंच्या पोराचं लई काम निघायलंय आपल्याकडं."

"शिकायलाय तो, आबा."

"दिसतंय मला. डोळे गेले तरी इतकं दिसतंय."

मार्चमध्ये एक दिवस तो बाकावर बसून, बुटानं धुळीत रेघा मारत, तिच्याकडे न बघता सांगू लागला. "आमच्या कॉलेजात कुणाचा मामा न्यायाधीश असतो, कुणाच्या आईची वकिलांची फर्म असते. माझं इंग्रजी ऐकून पहिलं वर्षभर हसायचे. अजूनही मला 'बीड' म्हणूनच हाक मारतात."

"आन् हितं काय म्हणत्यात?"

"इथं? 'भाऊंचा'."

"मंग आदिनाथ कोण म्हणतं?"

त्यानं मान वर केली. "कुणीच नाही... तू म्हण."

ती कीबोर्डकडे वळली आणि उगाचच एक ओळ टाइप करून पुसली. त्या दिवसापासून दोघांमधलं 'तुमी-तुम्ही' सुटलं.

वत्सलाबाईंची सूचना त्यानंच तिला मोबाइलवर दाखवली. वत्सलाबाई मूळच्या दिंद्रुडच्या. तीस वर्षं संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करणाऱ्या. दरवर्षी एका विद्यार्थ्याला आठ आठवडे हाताखाली घ्यायच्या आणि त्यांच्याकडे टिकलेल्याला पुढं काम शोधावं लागत नसे. त्यांची पद्धत साधी होती. सगळ्या अर्जदारांना एकाच प्रकरणाचे कागद पाठवायचे. त्यावरून ज्यानंत्यानं हायकोर्टातल्या अर्जाचा मसुदा लिहायचा. नावाचं आणि कॉलेजचं पान कारकून वेगळं काढून ठेवणार, बाई फक्त क्रमांक आणि मसुदा बघणार. शेवटी एक ओळ होती : शिफारस आल्यास अर्ज बाद समजावा.

"हे सगळेच लिहितात," आदिनाथ हसून म्हणाला. "आपल्याकडं फोनशिवाय काय होतंय?"

"आन् झालं तर?"

ती इतक्या हळू म्हणाली, की त्याचं हसू तिथंच थांबलं. आजवर तिनं लिहिलेलं शेकड्यांनी कोर्टात गेलं होतं. तिचं म्हणून ते कुणी, कधीच वाचलं नव्हतं. आणि तिचं म्हणून जिथं काही वाचलं जायचं, तिथं आधी कॉलेजचं नाव वाचलं जायचं. बीडच्या तीन ऑफिसांत तिनं अर्ज दिले होते, तिन्हीकडे नावाखालची ओळ वाचून कागद बाजूला ठेवला गेला होता. हे पहिलंच दार होतं, जिथं आत जाताना कॉलेज बाहेर काढून ठेवायचं होतं.

दोघांनीही अर्ज करायचा ठरवलं. जागा एकच होती, म्हणून दोघं एकमेकांना चिडवतही होते.

कागद आले. एका अंगणवाडी सेविकेला कामावरून काढल्याचं प्रकरण होतं. सुकन्यानं ते कागद अकरा दिवस उशाशी ठेवले. सातव्या दिवशी तिला दिसलं : नोटिशीत बाईला उत्तर द्यायला आठ तारखेपर्यंत मुदत होती आणि काढून टाकल्याच्या हुकुमावर तारीख होती तीन. उत्तर यायच्या आधीच निकाल लागला होता. ती उठून उभी राहिली, टपरीतल्या टपरीत दोन पावलं चालली आणि परत बसली.

"दाखव ना," आदिनाथ म्हणाला. "मुद्दे नको दाखवू. नुसतं इंग्रजी बघतो. स्वल्पविराम तरी."

तिनं पानांवर तळहात ठेवला. "तुजा एक स्वल्पविराम जरी ह्यात आला ना, तर हे माजं न्हाई ऱ्हायचं."

"इतका परका आहे मी?"

"परका असतास तर दाखवलं असतं."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. टाइप करून करून तिची बोटं टोकाला कडक झाली होती, आणि त्याची बोटं त्यावरून हलकेच फिरली... तिनं हात काढला नाही. लगेच तरी नाही.

ज्या दिवशी पाकिटं पोस्टात टाकली, त्या दिवशी दोघं एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत बसले. घुंगरं वाजत होती, ऊस चरकातून जात होता. आदिनाथनं ग्लास खाली ठेवला.

"एक मिळकत आहे," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "आदिनाथ नावाची. चतुःसीमा लिहून घे. पूर्वेला सुकन्या. पश्चिमेला सुकन्या. उत्तरेला..."

"असली चतुःसीमा कोर्ट फेटाळतंय."

"मग अपील करीन."

"मुदतीत करावं लागतंय अपील," ती म्हणाली आणि ग्लासाच्या आड हसली. तिला तो आवडत होता. खूप आवडत होता. हे मान्य करायला तिला रसाचा अख्खा ग्लास लागला.

फोन एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला. दुपारचे बारा वाजले होते आणि लिंबाखाली एक म्हातारा वारसाचा अर्ज लिहून घेत बसला होता.

"सुकन्या बोलताय का? वत्सलाबाईंच्या ऑफिसातून बोलतोय." कारकुनाचा आवाज अवघडलेला होता. "अर्ज क्रमांक सतरा तुमचाच ना? बाईंनी कळवायला सांगितलंय. तुमचा मसुदा पहिला आला होता."

तिनं टेबलाची कड धरली.

"पण अर्ज बाद केलाय. तुमच्यासाठी फोन आला होता."

"कुणाचा?"

"वडवणीहून. रामेश्वरभाऊंच्या बंगल्यावरून. 'केजची सुकन्या म्हणून आमची मुलगी आहे, तेवढं बघा' म्हणाले. मी बाईंना सांगितलं नसतं तर माझी नोकरी गेली असती, ताई. जागा दुसऱ्या क्रमांकाला गेली."

तिनं म्हाताऱ्याचा अर्ज पूर्ण केला. एकही चूक न करता. तो उठून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आबा केव्हापासून काहीतरी विचारताहेत.

तासाभरानं आदिनाथ आला. धावत आल्यासारखा. "सुकन्या, मला फोन आला. काहीतरी घोटाळा झालाय. म्हणाले, जागा मला मिळालीय. मी म्हटलं, असं कसं... तुला आला का फोन?"

"आला."

"मग?"

"मी पहिली व्हते. तू दुसरा." ती त्याच्याकडे बघत राहिली. "भाऊंच्या बंगल्यावरनं फोन गेला, म्हणून मी बाद."

आबा उठले, काठी घेतली, "चहा सांगून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. चहाची टपरी हाकेच्या अंतरावर होती, पण त्या दिवशी ते बराच वेळ आले नाहीत.

"मीच सांगितलं भाऊंना," आदिनाथ म्हणाला.

"जागा तुला मिळावी म्हणून?"

"सुकन्या!"

"इचारायला पायजे. समदं केज इचारणार हाय."

"तुझ्यासाठी सांगितलं. आमच्या बॅचचा ग्रुप आहे मोबाइलवर. एकानं टाकलं होतं, 'वत्सलाबाईंकडं आता बीडच्या कॉलेजवाल्यांनी पण अर्ज टाकलेत म्हणे.' त्याखाली तीस जण हसले. मला भीती वाटली. कारकुनानं पान वेगळं काढलंच नाही तर? बाईंनी कॉलेजचं नाव बघितलंच तर? जेवताना भाऊंना म्हणालो, एक शब्द टाका. आमच्या घरात ते... पाहुण्याला पाणी द्यावं तसं आहे. मला वाटलंच नाही, की ती ओळ कुणी खरोखर पाळत असेल."

"त्या ग्रुपवर तू काय लिहिलंस?"

त्यानं बुटांकडे बघितलं.

"काय लिहिलंस, आदिनाथ?"

"काही नाही."

बाहेर कोर्टाच्या फाटकात जीपवाला "वडवणी, वडवणी, बीड" ओरडत होता. सुकन्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"माजी एक वळ वाचली न्हाईस तू. तरी तुला वाटलं, ही पडणार."

"तूच वाचू दिलं नाहीस."

"म्हणून तर. न वाचता भरवसा ठिवायचा व्हता. तेवढंच मागितलं व्हतं." तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. "ती तीस पोरं हसली. तुला कीव आली. दोन्हीचा अर्थ येकच की रे. तुला तर सगळे 'बीड' म्हणत्यात. तुला तरी कळायला पायजे व्हतं."

तो समोरच्या बाकावर बसला, जिथं अशिलं बसतात तिथं.

"प्रतिज्ञापत्र टाइप कर," तो म्हणाला. "माझं. बाईंना पाठवतो. आणि ती जागा मी घेणार नाही."

"जागा सोडून माज्यावर उपकार नकू करू."

"तुझ्यावर नाही. तुझ्या खुर्चीत मला बसवणार नाही म्हणून."

तिनं नवी फाइल उघडली. बोटं आपोआप चालू लागली. हे काम तिच्या हातात इतकं मुरलं होतं, की रडतानाही करता येत होतं. मी, आदिनाथ रामेश्वर, वय बावीस, धंदा शिक्षण, राहणार वडवणी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की... सदर फोन माझ्या सांगण्यावरून करण्यात आला. त्याबाबत अर्जदार सुकन्या हिला कोणतीही कल्पना नव्हती.

"कारण काय लिहू?" तिनं विचारलं. "कारण लागतंय."

"खरं तेच लिही."

"सांग."

तो मजकूर सांगू लागला. "सदर सुकन्या हिच्यावर माझे मनापासून प्रेम आहे..."

बोटं थांबली. मग पुन्हा चालली.

"...आणि तरीही तिच्या लायकीवर मी भरवसा ठेवला नाही. ही चूक माझी आहे, तिची नाही."

तिनं शेवटचा पूर्णविराम दिला. तेवीस वर्षांत हे तिला कुणी म्हणालं नव्हतं, आणि म्हटलं तेही सत्यप्रतिज्ञेवर. एरवी या गोष्टीवर दोघं पोट धरून हसले असते. ती पडद्यावरची ओळ पुन्हापुन्हा वाचत राहिली. छातीत काहीतरी आनंदानं उड्या मारत होतं आणि त्याच वेळी तिला सगळं लख्ख दिसत होतं.

मग तिनं ती ओळ पुसली. एकेक अक्षर करत, मागून पुढं.

"हे काय करतेस?"

"हे बाईंच्या टेबलावर गेलं, की मी अर्ज क्रमांक सतरा ऱ्हात न्हाई. भाऊंच्या पोराची ती, इतकीच ऱ्हाते." त्या जागी तिनं लिहिलं : गैरसमजातून. "आन् फकस्त ह्या कागदाचं न्हाई, आदिनाथ. उद्या मला सनद मिळंल, मी पहिला दावा जिंकंल, तरी लोक म्हणत्याल, भाऊंनी सांगितलं असंल. तुज्या घरात आले तर माजं समदंच तुज्या घरचं व्हईल."

"मी घर सोडतो."

"सोडून आलास तरी लोक तुला भाऊंचाच म्हणत्याल."

"मग मी करू तरी काय?"

"काय बी करू नकोस," ती म्हणाली. "माज्यासाठी एक बी गोष्ट करू नकोस. फोन न्हाई, शब्द न्हाई, हितं येणं न्हाई. जमंल?"

"किती दिवस?"

"मला माजं नाव मिळंस्तोवर."

"आणि त्यानंतर?"

तिनं प्रिंटरमधून कागद काढला आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं सही केली. 'आदिनाथ'मधला शेवटचा 'थ' खाली घसरला. जाताना तो फाटकाशी थांबला, वळला. एवढ्या लांबूनही तिला दिसलं, की तो हसायचा प्रयत्न करतोय आणि डावा डोळा आधी मिटलाय. मग जीप त्याला घेऊन गेली.

केज जे बोलायचं ते बोललंच. माऊली वकिलांनी तर समोर येऊन सांगितलं, "पोरी, भाऊंकडून फोन लावायचा व्हता तर मला म्हणायचं. मी नीट लावला असता." तिनं त्यांचा नवा दावा हातात घेतला आणि विचारलं, "चतुःसीमा सांगा."

जूनमध्ये संभाजीनगरहून जाड पाकीट आलं. प्रतिज्ञापत्र मिळालं, असं पत्रात होतं. नियम बदलता येत नाही. दुसऱ्या क्रमांकानं जागा नाकारल्यानं ती तिसऱ्याला दिली आहे. पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा. सोबत तिचा मसुदा परत आला होता. तीन तारीख आणि आठ तारीख जिथं लिहिली होती, तिथं समासात तांबड्या शाईच्या दोन रेघा आणि एकच शब्द : नेमकं. वरच्या कोपऱ्यात गोल करून १ लिहिलेला होता.

"काय म्हणत्यात?" आबांनी विचारलं.

"बाद."

त्यांनी कागद डोळ्यांना चिकटेल इतका जवळ धरला. "मंग ह्यो येक कशाचा?"

"पहिल्या नंबरचा."

"पहिला नंबर, आन् बाद कसं काय?"

तिनं मसुदा पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवला. दुपारभर लोक येत राहिले आणि ती त्यांची भांडणं लिहीत राहिली.

सहा वाजले. तिनं दिवसभराच्या सगळ्या फायली एकेक करून पुसल्या. शेवटी एक उरली, एप्रिलमधली, आदिनाथच्या प्रतिज्ञापत्राची. ती ओळ पुसण्याआधी तिनं ती फाइल तशीच्या तशी वेगळी ठेवली होती. आदिनाथला ते माहीत नव्हतं आणि तीस वर्षांचा नियम मोडल्याचं आबांनाही तिनं सांगितलं नव्हतं. तिनं फाइल उघडली, ती एक ओळ वाचली आणि बंद केली.

"झालं का गं समदं पुसून?" बाहेरून आबांनी विचारलं.

"झालं, आबा," ती म्हणाली आणि शटर ओढायला उठली.